सातशे अक्षरांवर अडलेला मोडेम: स्पार्कस्टेशन २० आणि सोलारिस २.६ यांवरील वेगाचा शोध

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सन कंपनीच्या स्पार्कस्टेशन २० या संगणकावर तिचीच सोलारिस २.६ ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते आणि त्याच्या ए या सिरिअल पोर्टला यू. एस. रोबोटिक्सचा कुरिअर मोडेम जोडलेला आहे. दुसऱ्या टोकाला लिनक्सचा पीसी व रॉकवेल चिपसंचाचा बाहेरचा मोडेम आहे, आणि दोन्ही मोडेम घरातल्या लहानशा ईपीएबीएक्सच्या (अंतर्गत फोनच्या एक्स्चेंजच्या) दोन एक्स्टेंशनांवर आहेत. जोडणी झाली की सनकडचा मोडेम ३३६०० असा आकडा दाखवतो आणि लिनक्सकडचा ११५२०० असा. प्रत्यक्षात यूयूसीपीने (युनिक्समधील फाइली पाठवण्याच्या जुन्या व्यवस्थेने) फाइल पाठवली, तर ती सेकंदाला सुमारे ७०० अक्षरांच्या संथ पण अखंड गतीने जाते. पीपीपीवर (मोडेमवरून इंटरनेटची पॅकेटे नेणाऱ्या पद्धतीवर) एफटीपी या फाइल पाठवण्याच्या सोयीने पाठवली, तर काही सेकंद झपाट्याने जाते, मग थांबते, पुन्हा चालू होते. गेल्या महिन्यात एकदा हेच काम सुरळीत झाले होते. वेग वाढावा म्हणून आपण सनच्या पोर्टला ५७६०० हा वेग दिला, तेव्हा मोडेमने उत्तर देणेच बंद केले. फायबरवरच्या दूरध्वनीवरून प्रयत्न केला, तर जोडणी टिकतच नाही.

आपण हा सगळा एकच बिघाड समजून ५७६०० च्या मागे लागला आहात. माझ्या मते येथे एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन गोष्टी एकाच वेळी घडत आहेत, आणि ५७६०० ही त्यांतली सर्वांत बिनमहत्त्वाची आहे. (फायबरचा प्रश्न निराळा, तो शेवटी घेतो.) तरीही उत्तराची सुरुवात तिच्यापासूनच करतो, कारण तो मुद्दा एकदा निकालात निघाला की उरलेल्या दोन गोष्टी स्पष्ट दिसू लागतात. आज्ञा मी येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे. टाइप करताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत द्याव्यात.

आधी दोन्ही टोकांच्या आकड्यांतील विसंगती पाहू. मोडेमच्या जोडणीत वेग एक नसतो. संगणक आणि त्याचा मोडेम यांच्यातील केबलवर एक वेग असतो आणि दोन मोडेममधील टेलिफोनच्या तारेवर दुसरा. दोन टोकांच्या दोन केबलींचे वेगही एकमेकांपेक्षा वेगळे असू शकतात, म्हणजे हिशेबात एकूण तीन वेग आले. कुरिअर ‘कनेक्ट’ या शब्दापुढे तारेवरचा वेग छापतो. रॉकवेलच्या चिपसंचावर चालणारे मोडेम ‘डब्ल्यू०’ ही सेटिंग असेपर्यंत केबलवरचा वेग छापतात. ‘एटीडब्ल्यू२’ अशी आज्ञा दिली की तेही तारेवरचा वेग सांगू लागतात. म्हणजे आपल्याला दिसलेले ११५२०० फक्त लिनक्सच्या पीसीने स्वतःच्या मोडेमशी ठरवलेले होते. तारेवर काय चालले आहे याविषयी त्यातून काहीही कळत नाही. शिवाय ‘कनेक्ट’पुढचा आकडा, खरा असला तरी, जोडणी झाली त्या क्षणाचा असतो. पुढे तारेवर खरखर वाढली, तर मोडेम आपसांत बोलून वेग उतरवतात आणि संगणकाला त्याची वार्ताही देत नाहीत. म्हणून वेगाचा तपास करताना मी पडद्यावरच्या या आकड्यावर कधीच विसंबत नाही. आधीच जिपने आवळलेली एक मेगाबाइटची फाइल पाठवायची, घड्याळ लावायचे आणि सेकंदाला किती अक्षरे गेली ते काढायचे. फाइल आवळलेली हवी याचे कारण असे की साधा मजकूर पाठवला, तर मोडेममधली व्ही.४२बिस ही संक्षेपाची सोय तो आणखी आवळते आणि मग मोजमाप तारेचे झाले की मजकुराचे, हे कळत नाही.

आता ५७६०० विषयी. आपल्या यंत्रातील सिरिअल पोर्ट झायलॉगच्या ८५३० जातीच्या चिपवर चालतात; सोलारिसमध्ये त्यांच्या ड्रायव्हरला झेडएस म्हणतात. या चिपला मिळणारा ठोका, म्हणजे घड्याळाचा संकेत, ४.९१५२ मेगाहर्ट्झचा आहे. वेग तयार करताना चिप या ठोक्याला आधी १६ ने आणि मग २ ने भागते, म्हणजे उरतात १५३६००. या संख्येला पुढे पूर्णांकानेच भागता येते आणि तो पूर्णांक २ पेक्षा लहान असू शकत नाही. २ ने भागले की ७६८००, ३ ने भागले की ५१२००, ४ ने भागले की ३८४००, ८ ने भागले की १९२००. ५७६०० मिळवायचे, तर २.६७ ने भागावे लागेल आणि ते या चिपला जमणारे नाही. सर्वांत जवळचा वेग ५१२०० चा, तोही ११ टक्क्यांनी कमी. स्टार्ट बिटपासून स्टॉप बिटपर्यंत दहा बिटे वाचताना दोन टोकांच्या घड्याळांत चार-पाच टक्क्यांहून अधिक तफावत पडली की शेवटची बिटे चुकीच्या जागी वाचली जातात. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमने ५७६०० चा आकडा निमूटपणे स्वीकारला, तरी केबलवर दुसरेच काही जाते आणि ‘एटी’ ही दोन अक्षरे मोडेमला ओळखता येत नाहीत. मोडेम आपल्या केबलचा वेग याच दोन अक्षरांवरून ओळखत असल्याने तो गप्प बसतो. ११५२०० या चिपच्या आवाक्याबाहेरच आहे. ७६८०० तिला काढता येतो, पण बहुसंख्य मोडेमना तो वेग माहीतच नसतो. तेव्हा आपल्या पोर्टची व्यवहारातली मर्यादा ३८४००. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

या मर्यादेने आपले नुकसान किती होते? ३८४०० वर प्रत्येक अक्षराला दहा बिटे धरली, तर सेकंदाला ३८४० अक्षरे जातात. मोडेममधील व्ही.४२ ही दोषनिवारणाची पद्धत तारेवर स्टार्ट आणि स्टॉप बिटे पाठवतच नाही, त्यामुळे ३३६०० च्या जोडणीवर आवळलेल्या फाइलीची सेकंदाला जास्तीत जास्त चार हजारांच्या आसपास अक्षरे जाऊ शकतात. म्हणजे केबल आणि तार जवळजवळ बरोबरीच्या आहेत. साधा मजकूर पाठवताना संक्षेपाचा पुरता लाभ मिळणार नाही, एवढाच काय तो तोटा, आणि त्यावर मजकूर आधीच आवळून पाठवणे हा साधा उपाय आहे. ज्यांना एसबसमध्ये (सनच्या जादा कार्डांच्या खाचेत) बसणारे जलद सिरिअल कार्ड घ्यावेसे वाटते त्यांनी घ्यावे. अल्ट्रा ५ आणि अल्ट्रा १० या नंतरच्या यंत्रांत सीमेन्सची चिप आहे व ती ११५२०० सहज देते. पण आपल्याला ३८४० च्या जागी ७०० मिळत आहेत. ही घट पोर्टच्या मर्यादेने झालेली नाही, आणि नवे कार्ड घेऊनही आकडा ७०० च राहिला असता.

तो ७०० का, हे पाहण्यासाठी यूयूसीपीच्या ‘जी’ प्रोटोकॉलकडे वळावे लागेल. हा प्रोटोकॉल मोडेमला दोषनिवारण येत नव्हते त्या काळातला आहे. तो फाइलीचे ६४ अक्षरांचे तुकडे करतो आणि पोच येण्याआधी ठरावीक संख्येएवढेच तुकडे पाठवून थांबतो. या संख्येला खिडकी म्हणतात आणि जुन्या अंमलबजावणींत ती सर्रास ३ असते. म्हणजे एका वेळी वाटेत असू शकणारी अक्षरे झाली १९२. आता पीपीपी चालू असताना एकदा पिंग (लहान पॅकेट पाठवून उत्तराचा वेळ मोजणारी आज्ञा) करून पाहा, व्ही.३४ च्या (३३६०० पर्यंत वेग देणाऱ्या मानकाच्या) जोडणीवर लहानशा पॅकेटलाही जाऊन येण्यास पाव सेकंदाच्या आसपास लागतो असे दिसेल. हा वेळ तारेच्या लांबीचा नाही. मोडेम आवाजाची प्रक्रिया करतो, बिटे जमवून त्यांचे गठ्ठे बांधतो, पलीकडचा मोडेम ते सोडवून तपासतो; त्यात हा वेळ जातो. पाव सेकंदात १९२ अक्षरे, म्हणजे सेकंदाला ७६८. त्यातून पोचेचा आणि शीर्षकांचा खर्च वजा केला की आपला ७०० चा आकडा समोर येतो. गती संथ असूनही अखंड का आहे, याचेही उत्तर येथेच मिळते. काहीही बिघडलेले नाही; सन १९२ अक्षरे पाठवून प्रत्येक वेळी शांतपणे वाट पाहत बसतो.

या एका गोष्टीवर १९८० च्या दशकात टेलिबिटच्या ट्रेलब्लेझर मोडेमने मोठे नाव मिळवले. मोडेम स्वतःच ‘जी’ प्रोटोकॉल ओळखून आपल्या संगणकाला जागच्या जागी पोच देत असे, त्यामुळे संगणकाला वाट पाहावी लागत नसे. आपल्याला ते नाटक करण्याची गरज नाही. लिनक्सकडे टेलर यूयूसीपी (यूयूसीपीची एक मुक्त आवृत्ती) असेल, तर त्याच्या ‘सिस’ फाइलीत प्रोटोकॉल-पॅरामीटरच्या ओळीने ‘जी’ची खिडकी ७ करावी. ‘जी’मध्ये घेणारा आपल्याला काय चालेल ते पाठवणाऱ्याला सांगतो, हे येथे लक्षात ठेवावे. सनकडून लिनक्सकडे जाणारी गती वाढवायची असेल, तर बदल लिनक्सवर करायचा. नेमके उलटे करून अर्धा दिवस घालवलेले लोक मी पाहिले आहेत. सात तुकड्यांची खिडकी झाली की वाटेतली अक्षरे ४४८ होतात आणि गती सतराशेच्या आसपास जाते. तुकड्याचा आकार वाढवणे हा त्यापुढचा उपाय आहे, परंतु जुने यूयूसीपी ६४ पेक्षा मोठा तुकडा पाहून अडू शकते, म्हणून तो बदल स्वतंत्रपणे करून पाहावा. सोलारिसवरही टेलर यूयूसीपी बांधून घेतले आणि दोन्ही टोकांनी मोठ्या खिडकीचा ‘आय’ प्रोटोकॉल वापरला, तर हा प्रश्न मुळातूनच सुटतो. मी स्वतः तेच केले असते.

आता पीपीपीकडे येऊ. खरा बिघाड येथे आहे, आणि यूयूसीपी अखंड चालते या माहितीमुळेच तो ओळखता येतो. यूयूसीपीची वाटेतली अक्षरे कधीही दोनशेपलीकडे जात नाहीत, त्यामुळे मोडेमची साठवण कधी भरत नाही. एफटीपीच्या मालाची ने-आण करणारे टीसीपी मात्र पोच येण्याआधी काही हजार अक्षरे पाठवून मोकळे होते. समजा, तारेवरचा वेग मध्येच २८८०० वर उतरला. आता मोडेम सेकंदाला साडेतीन हजारांच्या आतच अक्षरे पुढे ढकलतो आणि सन मात्र ३८४० ओतत राहतो. फरक लहान असला, तरी मोडेमची साठवण काही किलोबाइटांचीच असल्याने ती काही सेकंदांत भरते. या क्षणी मोडेमने सनला ‘थांब’ म्हटले पाहिजे आणि सनने ते ऐकले पाहिजे. यांपैकी एक जरी झाले नाही, तरी वरची अक्षरे सांडून जातात, पीपीपीच्या चौकटीची तपासणीबेरीज चुकते, पॅकेट टाकून दिले जाते. टीसीपी पोचेची वाट पाहत थांबते, पुन्हा पाठवते, प्रत्येक अपयशागणिक अधिक वेळ थांबते. काही सेकंद धाव आणि मग शुकशुकाट, असे आपण लिहिलेले वर्णन तंतोतंत या बिघाडाचे आहे. याला हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू नसणे म्हणतात. ते चालू राहण्यासाठी मोडेम, ऑपरेटिंग सिस्टिम आणि केबल अशा तीन ठिकाणी व्यवस्था नीट असावी लागते. कोणतेही एक ठिकाण चुकले, तर उरलेल्या दोन ठिकाणच्या बरोबर सेटिंग फुकट जातात.

मोडेमपासून सुरुवात करावी. कुरिअरमध्ये ‘एटी&एफ१’ ही आज्ञा हार्डवेअर फ्लो कंट्रोलची तयार सेटिंग भरते. त्यात ‘&एच१’ म्हणजे मोडेमने सीटीएस या तारेने संगणकाला थांबवणे, ‘&आर२’ म्हणजे संगणकाने आरटीएस या तारेने मोडेमला थांबवणे, आणि ‘&बी१’ म्हणजे तारेवरचा वेग काहीही असो, केबलचा वेग कायम ठेवणे, या तिन्ही गोष्टी येतात. मग ‘&डब्ल्यू’ने ती साठवून ठेवावी. परंतु गेल्या महिन्यात एकदा सर्व सुरळीत चालले होते या आपल्या वाक्यावर मी थबकलो. कुरिअरच्या अंगावर दहा छोट्या स्विचांची एक पट्टी असते. त्यांतला दहावा स्विच खाली, म्हणजे चालू स्थितीत असेल, तर मोडेम प्रत्येक वेळी वीज आल्यावर आपण साठवलेली सेटिंग न घेता कारखान्याची ‘&एफ०’ ही सेटिंग घेतो, आणि तीत हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद असते. आपल्याकडे लाइट जाते आणि येते, मोडेमचे दिवे पूर्वीसारखेच लागतात, आणि आत मात्र दुसरीच सेटिंग असते. मोडेम सुरू करून काहीही बदल न करता ‘एटीआय४’ ही आज्ञा द्या. चालू सेटिंग पडद्यावर येईल. तेथे ‘&एच०’ दिसले, तर दहावा स्विच वर करा, ‘&एफ१’ देऊन पुन्हा साठवा, मोडेमची वीज काढून पुन्हा द्या आणि ‘एटीआय४’ परत पाहा. माझा अंदाज असा आहे की आपल्या पीपीपीचा बिघाड येथेच सापडेल.

तो तेथे सापडला नाही, तर सोलारिसकडे पाहावे. सोलारिसमध्ये दोन दिशांची दोन वेगळी नावे आहेत: ‘सीआरटीएससीटीएस’ म्हणजे मोडेमने थांबवल्यावर सनने थांबणे, आणि ‘सीआरटीएसएक्सऑफ’ म्हणजे सनने मोडेमला थांबवणे. पुष्कळ जण पहिले चालू करतात आणि दोन्ही झाले असे समजतात. दुसरी फसगत याहून सूक्ष्म आहे. आपण एसटीटीवाय या आज्ञेने पोर्टला सेटिंग देतो, ती आज्ञा संपते, पोर्ट बंद होतो आणि पोर्ट बंद होताच सेटिंग मूळपदावर जाते. मग पीपीपी पोर्ट नव्याने उघडते तेव्हा आपण दिलेले काहीही शिल्लक नसते. हे तपासायचे असेल, तर पार्श्वभूमीवर ‘स्लीप’ ही आज्ञा पोर्ट उघडा धरून चालू ठेवावी आणि त्या अवधीत एसटीटीवायने पाहावे. कायमचा उपाय मात्र वेगळा. सोलारिसचे पीपीपी डायल करताना यूयूसीपीच्याच फाइली वापरते. ‘डायलर्स’ या फाइलीतील आपल्या मोडेमच्या ओळीच्या शेवटी, ‘कनेक्ट’ची वाट पाहून झाल्यावर, ‘एसटीटीवाय=सीआरटीएससीटीएस’ असे लिहिले की प्रत्येक जोडणीत ती सेटिंग आपोआप लागते. ‘डिव्हायसेस’ फाइलीत वेगाच्या जागी ‘एनी’ लिहिलेले असेल, तर तेथे ३८४०० असा स्पष्ट आकडा घालावा. बाहेर डायल करताना पोर्टचे नाव ‘सीयूए’ गटातले हवे, ‘टर्म’ गटातले नव्हे. दुसरे नाव आत येणाऱ्या कॉलसाठी आहे आणि ते कॅरियरची (पलीकडच्या मोडेमच्या सुराची) वाट पाहत अडून राहते.

तिसरी केबल, आणि तिच्याबाबत मी स्वतः पोळलेलो आहे. १९९७ साली मुंबईतील एका कार्यालयात अगदी आपल्यासारखीच लक्षणे होती. मोडेमची सेटिंग, सोलारिसची सेटिंग, सगळे बरोबर. तरी एफटीपी थांबत होते. तिसऱ्या दिवशी वैतागून लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या केबलचे कवच उघडले. दोन्ही टोकांना २५ पिनांचे दिमाखदार कनेक्टर, आणि आत तारा मोजून पाच: २, ३, ७, ८ आणि २०. आरटीएसची ४ आणि सीटीएसची ५ या पिनांना कोणी हातही लावलेला नव्हता. अशा केबलवर डायल होते, लॉगिन होते, टाइप केलेले दिसते, कारण हाताने टाइप करून कोणी मोडेमची साठवण भरू शकत नाही. मल्टिमीटरने ४ ची ४ शी आणि ५ ची ५ शी जोडणी तपासावी. सन संगणकाच्या बाजूचा असल्याने मोडेमसाठी सरळ केबल लागते, उलटसुलट जोडलेली नल मोडेम केबल नव्हे. स्पार्कस्टेशन २० बाबत आणखी एक गोष्ट आहे: ए आणि बी हे दोन्ही पोर्ट एकाच २५ पिनांच्या कनेक्टरवर आहेत. बी पोर्टचे संकेत ११, १२, १३, १४, १६ आणि १९ या पिनांवर येतात. सगळ्या २५ तारा असलेली केबल लावली, तर ते संकेतही मोडेमपर्यंत पोहोचतात आणि त्या पिनांचा मोडेम काही वेगळाच उपयोग करत असू शकतो. म्हणून २, ३, ४, ५, ६, ७, ८ आणि २० एवढ्या आठच तारांची केबल करून घ्यावी.

या तिन्ही ठिकाणी सर्व ठीक असूनही सनकडे येणारा माल खराब होत असेल, तर ‘/व्हार/एडीएम/मेसेजेस’ या फाइलीत ‘सायलो ओव्हरफ्लो’ असे शब्द आले आहेत का ते पाहावे. ८५३० चिपच्या पोटात येणारी अक्षरे ठेवायला फक्त तीन जागा असतात. ३८४०० वर एक अक्षर यायला साधारण पाव मिलिसेकंद लागतो; म्हणजे प्रोसेसरने पाऊण मिलिसेकंदाच्या आत येऊन ती उचलली नाहीत, तर चौथे अक्षर गेले. पीसीमधील १६५५०ए या चिपमध्ये हीच जागा १६ अक्षरांची असते, म्हणून लिनक्सकडे ११५२०० चालूनही तक्रार येत नाही. मोडेमला आरटीएसने थांबवण्याची सोय येथे उपयोगी पडेलच असे नाही, कारण थांबवण्याचा निर्णय घेणारा ड्रायव्हरच उशिरा पोहोचलेला असतो. अशा वेळी केबलचा वेग १९२०० वर आणून पाहावे. संदेश बंद झाले आणि प्रत्यक्ष गती वाढली, तर निदान पक्के झाले. ‘रिंग बफर ओव्हरफ्लो’ असे शब्द असतील, तर मात्र अक्षरे चिपमधून उचलली गेली आहेत आणि पुढे ड्रायव्हरच्या साठवणीत तुंबली आहेत; तेव्हा ‘सीआरटीएसएक्सऑफ’ बंद असल्याचा संशय घ्यावा.

एक्सऑन-एक्सऑफ या सॉफ्टवेअर पद्धतीने काम भागवण्याचा सल्ला जुन्या कागदपत्रांत आढळतो. तो पाळू नये. त्या पद्धतीत १७ आणि १९ या क्रमांकांची अक्षरे थांबण्या-चालण्याच्या खुणा म्हणून गिळली जातात, आणि पीपीपीच्या मालात ती कुठेही येऊ शकतात.

तारेविषयी थोडेसे. ईपीएबीएक्सच्या दोन एक्स्टेंशनांत ३३६०० मिळणे हे उत्तमच आहे, आणि त्याहून अधिक मिळणारही नाही. डब्यावर ५६ हजार छापलेले असले, तरी १९९८ च्या व्ही.९० मानकातील तो वेग एका टोकाला सेवा देणाऱ्याची थेट डिजिटल जोडणी असल्यावरच, आणि तोही एकाच दिशेने मिळतो. दोन घरगुती मोडेममध्ये ३३६०० हीच कमाल. ३३६०० साठी मोडेमला सेकंदाला ३४२९ चिन्हे पाठवावी लागतात आणि त्यासाठी आवाजाच्या पट्ट्याचा जवळजवळ प्रत्येक कोपरा लागतो, त्यामुळे थोड्याशा खरखरीनेही तो वेग घसरतो. पूर्वी पावसाळ्यात खांबावरच्या जोडात पाणी शिरले की आमच्या जोडण्या दर वर्षी अशा उतरत. लाइनमनला बोलवावे, तर त्याला फोनवर आवाज स्वच्छ ऐकू येई आणि आपणच वेडे ठरत असू. आपल्याकडे खांब नाही, पण त्याच वायरीवर समांतर जोडलेला जुना फोन असेल, तर तो काढून पाहावा. कॉल संपल्यावर कुरिअरला ‘एटीआय६’ विचारावे. सदोष ब्लॉक किती, पुन्हा जुळणी किती वेळा मागितली आणि किती वेळा झाली, हे तो सांगतो. मेगाबाइटभर फाइलीनंतर पुन्हा जुळणी शून्य किंवा एकदा झाली असेल, तर तारेला दोष देऊ नये.

फायबरवरच्या दूरध्वनीचे दुखणे यांपैकी एकाही उपायाने बरे होणार नाही. तेथे आपला आवाज तांब्याच्या तारेने एक्स्चेंजपर्यंत जात नाही. घरातल्या पेटीतच त्याचे तुकडे होऊन ते पॅकेटांतून जातात. एक तुकडा साधारण २० मिलिसेकंदांचा असतो. माणसाच्या बोलण्यात असा एखादा तुकडा हरवला, तर कानाला कळतही नाही; मोडेमच्या दृष्टीने मात्र साठ-सत्तर चिन्हे एकदम नाहीशी होतात आणि त्याला जुळणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. पेटीतील प्रतिध्वनी काढणारी आणि शांततेत पाठवणे थांबवणारी व्यवस्थाही मोडेमच्या सुरांना बिघडवते. पेटी आपल्या मालकीची असेल, तर आवाजासाठी जी.७११ हीच पद्धत निवडावी, प्रतिध्वनी व शांतता यांच्या दोन्ही सोयी बंद कराव्यात आणि जिटर बफर (मागेपुढे येणारी पॅकेटे सावरणारी साठवण) बदलता न ठेवता ठरावीक लांबीचा करावा. जी.७२९ वर मोडेम चालणे शक्य नाही, कारण ती पद्धत फक्त बोलण्याची नक्कल करते. एवढे करून मोडेमला ‘&एन८’ देऊन १४४०० वर बांधावे; कमी वेगाची जोडणी अशा तारेवर अधिक तग धरते. पेटी सेवा देणाऱ्याची असेल आणि आतली सेटिंग आपल्याला उघडता येत नसेल, तर त्या तारेवर वेळ घालवू नये.

कामाचा क्रम मी असा ठेवीन. प्रथम सनचा पोर्ट ३८४०० वर परत आणून ‘एटीआय४’ पाहावे, मग केबलच्या ४ आणि ५ या पिना, मग ‘डायलर्स’ची ओळ, प्रत्येक बदलानंतर तीच एक मेगाबाइटची आवळलेली फाइल एफटीपीने पाठवून वेळ लिहून ठेवावी आणि एका वेळी एकच बदल करावा. ७०० च्या गतीने या फाइलीला पंचवीस मिनिटे लागतात. फ्लो कंट्रोल बसल्यावर, ३३६०० ची जोडणी टिकून असेल, तर पाच मिनिटांच्या आसपास लागली पाहिजेत. यूयूसीपीची खिडकी ७ करून तीच फाइल दहा ते अकरा मिनिटांत जाईल. एफटीपीला आठ-नऊ मिनिटे लागत असतील आणि मध्ये थांबे नसतील, तर ‘एटीआय६’चे सर्व आकडे मला कळवावेत, तेव्हा ईपीएबीएक्सच्या आतल्या वायरिंगकडे पाहावे लागेल.